बी पेशीतला सुप्त ईबीव्ही कोणत्या संकेताने जागा होतो: प्रयोग लावण्याची रीत

एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, १९६४ साली बर्किट लिम्फोमा या बी पेशींच्या कर्करोगातल्या पेशींमध्ये पहिल्यांदा दिसला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो, आणि तोही स्मृती बी पेशींमध्ये (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या कुळातल्या पांढऱ्या पेशी), जवळजवळ काहीही न करता. ही सुप्तावस्था टिकते की मोडते हे बरंचसं त्या बी पेशीला शेजारून काय सांगितलं जातं यावर ठरतं: अँटिजेन भेटलं का, टी पेशीने सीडी४० या बी पेशीवरच्या रिसेप्टरला हात दिला का, कोणते सायटोकाइन (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं) आसपास आहेत. कुलाब्यापासून खारघरपर्यंतच्या प्रयोगशाळांत एमएस्सी आणि पीएचडीचे विद्यार्थी हा विषय हौसेने हाती घेतात. पण बहुतेकदा निष्कर्ष एकाच कारणाने कोसळतो: दिलेला संकेत पेशीपर्यंत पोचला होता का, हे कुणी तपासलेलंच नसतं. म्हणून पुढची सगळी मांडणी त्या एका प्रश्नाभोवती केली आहे.

आधी मंजुरी आणि सुरक्षितता

ईबीव्ही जोखीम गट २ मधला आहे, म्हणजे बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) सोय लागते. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवी, आणि दात्यांचं रक्त वापरणार असाल तर नीतिमत्ता समितीचीही. एक नियम कधीही मोडू नका: ज्या प्रयोगशाळेत विषाणू हाताळला जातो तिथल्या कुणाच्याही बी पेशी ईबीव्हीने अमर करायच्या नाहीत. अपघाताने अशा पेशी सुईवाटे त्याच माणसाच्या अंगात गेल्या तर त्याची प्रतिकारशक्ती त्यांना परकं मानणार नाही. या कामात सुया आणि काचेच्या पाश्चर पिपेट शक्यतो वापरूच नका.

कोणती पेशी, कोणता संकेत

पहिला मोह असतो तो निरोगी दात्याच्या रक्तातून बी पेशी काढून थेट त्यांच्यावर प्रयोग करण्याचा. हिशेब करून बघा. वाहक माणसाच्या रक्तात दहा लाख बी पेशींमागे साधारण १ ते ५० पेशींतच विषाणू असतो. १० मिलिलिटर रक्तातून जेमतेम दहा लाख बी पेशी हाती येतात. म्हणजे एका नळीत मूठभर संसर्गित पेशी, आणि त्यातल्या किती जाग्या झाल्या हे मोजायचं! सुरुवात सेल लाइननेच करा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या एकाच कुळीच्या पेशींनी.

सेल लाइन निवडताना ती सुप्ततेच्या कोणत्या प्रकारात आहे ते आधी बघायचं. अकाता ही जपानी रुग्णाच्या बर्किट लिम्फोमातून आलेली लाइन प्रकार १ मध्ये असते, म्हणजे विषाणूच्या प्रथिनांपैकी मुख्यतः ईबीएनए१ तेवढं तयार होतं. तिच्या पृष्ठभागावर आयजीजी ही अँटिबॉडी असते, त्यामुळे त्या आयजीजीला चिकटणाऱ्या अँटि-आयजीजीने बी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे बीसीआर, जोडून धरला की विषाणू जागा होतो. संकेतांचा अभ्यास करायला यापेक्षा सोयीची लाइन नाही. राजी सहज मिळते, पण तिच्यातल्या विषाणूच्या जीनोममध्ये तूट असल्याने डीएनएची प्रतिकृती होतच नाही. सुरुवातीची प्रथिनं दिसतील, उशिराची कधीच नाहीत. नमाल्वामध्ये दर पेशीमागे विषाणूच्या दोन प्रती मानवी डीएनएत बसलेल्या आहेत. ती जागवायला निरुपयोगी, पण क्यूपीसीआरच्या (डीएनएच्या प्रती मोजण्याची पद्धत) स्टँडर्ड कर्व्हसाठी सोन्यासारखी.

आणि प्रयोगशाळेत ईबीव्हीने बी पेशी अमर करून बनवलेल्या लाइन, म्हणजे एलसीएल? इथे फार जण फसतात. एलसीएल प्रकार ३ मध्ये असते, म्हणजे विषाणूची सुप्ततेतली सगळी प्रथिनं तयार होतात. तिच्यात एलएमपी१ हे प्रथिन सीडी४०ची नक्कल करत एनएफ-कप्पाबी हा पेशी जगवणारा संकेतमार्ग सतत चालू ठेवतं, तर एलएमपी२ए हे लिन आणि सिक हे कायनेज (संकेत पुढे नेणारे एन्झाइम) आपल्याकडे अडकवून बीसीआरचा खरा संकेत अडवतं. अशा पेशीला वरून सीडी४० लिगँड दिलं तर फारसा फरक दिसत नाही, आणि अँटि-आयजीने विषाणू उठत नाही. मग अहवालात ‘सीडी४०चा परिणाम नाही’ असं वाक्य येतं. परिणाम नाही असं नसतं, ती जागा विषाणूने आधीच व्यापलेली असते.

लाइन मागवताना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, पेशीभांडाराची यादी आधी बघा. अकाता बहुधा एखाद्या संशोधन गटाकडून करार करूनच मिळवावी लागते, त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवा. अकाताची एक खोड आहे: वाढवत नेली की तिच्यातल्या काही पेशी विषाणू गमावतात, आणि विषाणू नसलेल्या पेशी हळूहळू गर्दी करतात. आल्या आल्या वीस-पंचवीस व्हायल गोठवा, दर आठ-दहा आठवड्यांनी नवी व्हायल काढा, आणि ईबर या विषाणूच्या आरएनएच्या इन-सिटू हायब्रिडायझेशनने (पेशीतच आरएनए रंगवून दाखवण्याची पद्धत) किती टक्के पेशींत विषाणू शिल्लक आहे ते तपासा. निओमायसिन-प्रतिकार जनुक असलेला पुनर्संयोजित विषाणू वाहणारी अकाता मिळाली तर जी४१८ हे औषध लावून विषाणू नसलेल्या पेशी मारत राहता येतं. विषाणू गमावलेला क्लोनही मिळवून ठेवा, तो पुढे उत्तम कंट्रोल ठरतो.

संकेत आत जातो तेव्हा काय घडतं

थोडक्यात सांगायचं तर विषाणूचा मुख्य खटका म्हणजे बीझेडएलएफ१ हे जनुक. त्यापासून झीटा प्रथिन बनतं आणि तिथून लायटिक चक्र, म्हणजे विषाणूच्या नव्या प्रती बनवण्याचा टप्पा, सुरू होतं. बीसीआर जोडला गेला की पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं, शेजारून ईआरके आणि पीकेसी हे कायनेज चालू होतात, आणि हे सगळे मिळून बीझेडएलएफ१चा प्रमोटर उघडतात. सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिन बंद करतं, म्हणून ते दिलं तर अँटि-आयजीजीचा परिणाम कोसळतो. सीडी४० उलट दिशेने ओढतं: एनएफ-कप्पाबीवाटे तो लायटिक चक्राला लगाम घालतो. आयएल-२१ या सायटोकाइनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. ते स्टॅट३ हे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन जागं करतं. प्रकार ३च्या पेशींत त्याने ईबीएनए२ खाली येतं आणि एलएमपी१ वर जातं. त्याच वेळी ते बी पेशीला प्लाझ्मा पेशी होण्याकडे ढकलतं, आणि प्लाझ्मा पेशी होणं हाच शरीरात विषाणू जागा होण्याचा एक मार्ग आहे. पण ज्या पेशींत स्टॅट३ जास्त असतं त्या लायटिक चक्राला दाद देत नाहीत, असंही दिसलं आहे. म्हणजे एकाच सायटोकाइनकडून दोन्ही उत्तरं येऊ शकतात. कोणतं उत्तर मिळेल हे पेशी कुठल्या अवस्थेत आहे आणि संकेत कोणत्या क्रमाने दिले यावर ठरतं. म्हणूनच क्रम लिहून ठेवल्याशिवाय प्रयोग लावू नये.

साहित्य घेताना

अँटि-आयजीजी घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, एफ(एबी')२ तुकडाच, म्हणजे शेपटी कापलेली अँटिबॉडी, घ्या. अख्ख्या अँटिबॉडीची शेपटी बी पेशीवरच्या एफसी-गॅमा-आरआयआयबी रिसेप्टरला चिकटली तर तो बीसीआरचा संकेत दाबतो. दुसरी, बाटलीत सोडियम अझाइड नको. अझाइड पेशी मारतं, आणि मरणाऱ्या पेशींचा गोंधळ परिणामासारखा दिसतो. तिसरी, अँटिबॉडी गाईच्या सीरम प्रथिनांवर शोषून शुद्ध केलेली हवी, नाहीतर मीडियममधल्या एफबीएसमधलं, म्हणजे वासराच्या सीरममधलं, गाईचं आयजीजीच तिला गिळून टाकतं.

सीडी४० लिगँड सुटं, एकेरी रूपात कुचकामी असतं. तीन किंवा अधिक रेणू जोडलेलं रूप घ्या, किंवा टॅगवरच्या अँटिबॉडीने जोडून द्या, किंवा सीडी४० लिगँड दाखवणाऱ्या फीडर पेशी मायटोमायसिन-सीने थांबवून वापरा. सायटोकाइन ०.१ टक्का बीएसए असलेल्या पीबीएसमध्ये विरघळवून छोटे अॅलिकॉट करा, उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळवलेला अॅलिकॉट परत गोठवू नका.

आयात माल मुंबई विमानतळावरच्या सहारच्या कार्गोतून येतो. दीड-दोन महिने आधी ऑर्डर द्या, आणि पार्सल हातात आल्यावर सही करण्याआधी उघडून बर्फाचे पॅक अजून गोठलेले आहेत का ते बघा. ऐन मे महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी आलेलं पार्सल सोमवारपर्यंत स्टोअरमध्ये पडून राहिलं तर तो आयएल-२१ गेला असंच धरा.

पावसाळ्याची वेगळी तयारी लागते. इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये आणि दाराच्या रबरात बुरशी धरते. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ट्रे काढून ऑटोक्लेव्ह करा आणि निर्जंतुक पाणीच भरा. मुसळधार पावसात सिलिंडरची गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नसतो, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा दुसरा भरलेला सिलिंडर आधीच जोडून ठेवा. मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी दर महिन्याला हवीच. मायकोप्लाझ्माची लिपोप्रथिनं टीएलआर२ या रिसेप्टरवाटे एनएफ-कप्पाबी चालू करतात, म्हणजे तुमचा ‘काहीच न दिलेला’ कंट्रोल आधीच संकेत खाऊन बसलेला असतो.

संकेत पोचला का, हे आधी

मुख्य प्रयोगाच्या आदल्या दिवशी छोटी तपासणी करा. अँटि-आयजीजी देऊन फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर फ्लुओ-४ या रंगाने कॅल्शियमची उसळी बघा, किंवा ५ ते १० मिनिटांनी फॉस्फो-ईआरके (चालू झालेला ईआरके). आयएल-२१साठी १५ ते ३० मिनिटांनी फॉस्फो-स्टॅट३, आयएल-४साठी त्याच वेळेला फॉस्फो-स्टॅट६. सीडी४०साठी एनएफ-कप्पाबीला अडवून ठेवणारा आयकप्पाबी-अल्फा कमी होताना वेस्टर्न ब्लॉटवर दिसला पाहिजे. यातलं जे दिसत नाही तो संकेत मुख्य प्रयोगात घेऊ नका. आधी रिसेप्टर पृष्ठभागावर आहे का ते फ्लोवर बघा, मग नवा अॅलिकॉट काढा. ही अर्ध्या दिवसाची तपासणी टाळून वाचलेला वेळ पुढे कितीतरी पटींनी भरावा लागतो.

प्लेट लावणे

प्रयोगाच्या २४ तास आधी अकाता ताज्या आरपीएमआय १६४० मध्ये (१० टक्के एफबीएस, २ मिलिमोलर ग्लुटामिन) मिलिलिटरला ४ लाख अशी पसरवा. प्रयोगाच्या दिवशी ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर हव्यात. कमी असतील तर त्या दिवशी थांबा. दाट झालेल्या, उपाशी पेशींत विषाणू आपोआप उठू लागतो.

आठ गट घ्या: फक्त द्रावक, शेळीचा असंबंधित एफ(एबी')२, अँटि-आयजीजी, सायक्लोस्पोरिन आणि अँटि-आयजीजी, फक्त सीडी४० लिगँड, सीडी४० लिगँड आणि अँटि-आयजीजी, फक्त आयएल-२१, आयएल-२१ आणि अँटि-आयजीजी. मोजणी ४, २४ आणि ४८ तासांनी. एकूण २४ वेल झाले, पण तिन्ही वेळांसाठी तीन वेगळ्या प्लेट घ्या. एकच प्लेट पुन्हा पुन्हा बाहेर काढली की उरलेल्या पेशींचं तापमान आणि पीएच दोन्ही हलतं. २४ वेलच्या प्लेटमधले मधले आठ वेल वापरा, कडेच्या वेलमध्ये पीबीएस भरा. कडेचं पाणी आधी उडतं.

हिशेब असा: दर वेलमध्ये ०.५ मिलिलिटर पेशी (मिलिलिटरला २० लाख) आणि ०.५ मिलिलिटर दुप्पट तीव्रतेचं द्रावण. २४ वेलना १२ मिलिलिटर, वर दहा टक्के जास्त म्हणजे १३.२ मिलिलिटर, म्हणजे २ कोटी ६४ लाख पेशी. त्यासाठी टी-७५चे दोन फ्लास्क तयार ठेवा. ३०० जीच्या वर स्पिन करू नका.

शेवटची तीव्रता: अँटि-आयजीजी मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, आयएल-२१ ५० नॅनोग्रॅम, सायक्लोस्पोरिन १ मायक्रोग्रॅम. सीडी४० लिगँडची तीव्रता कंपनीपरत्वे फार बदलते, म्हणून आदल्या दिवशीच्या आयकप्पाबीच्या ब्लॉटवरून ठरवा. सायक्लोस्पोरिन एक तास आधी, सीडी४० लिगँड किमान दोन तास आधी. हे आधी द्यायचे संकेत छोट्या आकारमानात घाला आणि अँटि-आयजीजीच्या दुप्पट द्रावणातही तेवढ्याच तीव्रतेने ठेवा, नाहीतर दुसरा अर्धा भाग घालताच ते निम्मे होतात. आयएल-२१साठी दोन क्रम वेगवेगळ्या दिवशी लावा: अँटि-आयजीजीबरोबर, आणि २४ तास आधी. उत्तरं वेगळी आली तर ती चूक समजू नका, तीच माहिती आहे. आयएल-२१चा परिणाम दिसला की पुढच्या फेरीत रुक्सोलिटिनिब हे जॅक एन्झाइम अडवणारं औषध लावून तो जॅक-स्टॅटवाटेच होतो का ते बघा. सगळ्या वेलमध्ये डीएमएसओ सारखंच आणि ०.१ टक्क्याच्या आत ठेवा.

स्वतः बनवलेली एलसीएल तुलनेला घेणार असाल तर आणखी एक सापळा लक्षात ठेवा. बी९५-८ या ईबीव्ही सोडणाऱ्या लाइनच्या द्रवाने पेशी अमर करताना टी पेशी दाबायला दोन-तीन आठवडे सायक्लोस्पोरिन घातलेलं असतं. ते पूर्ण धुऊन, पेशी निदान दोन आठवडे त्याशिवाय वाढवल्यावरच बीसीआरचा प्रयोग करा. दात्याचं रक्त घेताना नुकताच मलेरिया किंवा डेंग्यू होऊन गेलेली व्यक्ती टाळा, पावसाळ्यात हे विचारायलाच हवं. आणि रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करणाऱ्या फिकॉल द्रावणाचं सेंट्रिफ्यूज १८ ते २० अंशांवर चालवा. एसी बंद पडलेल्या खोलीत फिकॉल पातळ होतं आणि हाती येणाऱ्या पेशी घटतात.

मोजणी

४ तासांच्या वेलमधून आरएनए काढा, डीएनएज लावा, आणि बीझेडएलएफ१चे प्रायमर एक्झॉनच्या सांध्यावर बसतील असे निवडा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायचा कंट्रोल प्रत्येक नमुन्याला हवा, कारण विषाणूच्या डीएनएच्या प्रती भरपूर असतात. पुढच्या वेळांना जीएपीडीएच या पेशीच्या नेहमीच्या जनुकावर भागाकार करू नका. लायटिक चक्रात विषाणूचं बीजीएलएफ५ हे प्रथिन पेशीचे एमआरएनए तोडत सुटतं. जीएपीडीएच घटतं आणि तुमचं जनुक वाढलेलं नसतानाही वाढलेलं दिसतं. १८एस आरआरएनए घ्या आणि सगळ्या नमुन्यांत आरएनएचं वजन सारखं ठेवा.

क्यूपीसीआर सरासरी सांगतं. दहापट वाढ म्हणजे सगळ्या पेशी थोड्या हलल्या की थोड्याच पेशी पूर्ण उठल्या, हे त्यातून कळत नाही. म्हणून २४ तासांना फ्लोवर झीटा मोजायलाच हवं. जिवंत-मृत रंग आधी, मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, मग छिद्रं पाडून झीटाची अँटिबॉडी, बीझेड.१ हा क्लोन चांगला चालतो. तो उंदराचा आहे आणि अकातावर स्वतःचं मानवी आयजीजी आहे, म्हणून दुय्यम अँटिबॉडी मानवी आयजीजीवर शोषलेली हवी, किंवा थेट रंग जोडलेली बीझेड.१ घ्या. शेळीविरोधी दुय्यम तर अजिबात नको, ती तुमच्या उत्तेजकालाच रंगवेल. विषाणू नसलेल्या अकाताला तेच अँटि-आयजीजी देऊन पार्श्वभूमी ठरवा.

४८ तासांना डीएनए काढून बीएएलएफ५ हे विषाणूचं जनुक आणि एक मानवी जनुक मोजा, प्रती नमाल्वाच्या कर्व्हवरून काढा. विषाणू खरोखर बाहेर पडतो का हे हवं असेल तर अँटि-आयजीजीचा एक जादा वेल ७२ तास ठेवा. वरचा द्रव डीएनएजने धुऊन, ते एन्झाइम ईडीटीए आणि उष्णतेने बंद करून, मगच डीएनए काढा. नाहीतर मेलेल्या पेशींतला मोकळा डीएनए विषाणू म्हणून मोजला जातो. शेजारी १०० मायक्रोमोलर असायक्लोव्हिरचा वेल लावा. त्याने विषाणूचा डीएनए थांबतो, झीटा थांबत नाही. झीटाही पडलं तर मात्रा विषारी झाली आहे.

आकडे वाचताना

चांगल्या स्थितीतल्या अकातात अँटि-आयजीजीने साधारण ३० ते ६० टक्के पेशींत झीटा दिसतं. १० टक्क्यांच्या खाली आलं तर बाकीचे गट वाचूच नका. आधी ईबर, मग पृष्ठभागावरचं आयजीजी, मग अँटिबॉडीची बाटली तपासा. समजा द्रावकाच्या वेलमध्ये २ टक्के, अँटि-आयजीजीत ४० आणि सीडी४०सह १५ आले. पार्श्वभूमी वजा केली की ३८ वरून १३, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश घट. पण ती लिहिण्याआधी दोन्ही वेलमधल्या जिवंत पेशींची संख्या समोर ठेवा. सीडी४० अनेकदा पेशींना मरणातून वाचवतो, अँटि-आयजीजी काहींना मारतो. टक्के घटले ते झीटा असलेल्या पेशी कमी झाल्यामुळे की झीटा नसलेल्या जास्त जगल्यामुळे, हे निव्वळ टक्क्यांवरून ठरत नाही. दर वेलमध्ये झीटा असलेल्या पेशींचा एकूण आकडा काढा. मोजणीचे मणी घातले तर तो फ्लोवरच मिळतो.

सायक्लोस्पोरिनच्या वेलमध्ये झीटा द्रावकाच्या पातळीजवळ यायला हवं. आलं नाही तर उत्तेजन बीसीआरवाटे होत नाहीये; अझाइड, विषारीपणा किंवा सीरमचा नवा लॉट यांच्याकडे बघा. एकाच दिवशी लावलेले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो वेगळ्या व्हायलमधून काढलेल्या पेशींवर किमान तीनदा करा आणि आलेखात प्रत्येक दिवसाचा ठिपका वेगळा दाखवा.

काम संपल्यावर द्रव कचऱ्यात ताजं हायपोक्लोराइट घालून शेवटची तीव्रता १ टक्का करा आणि अर्धा तास ठेवा. मुंबईच्या उकाड्यात हायपोक्लोराइट लवकर फिकं पडतं, म्हणून पातळ केलेली बाटली रोज नवी भरा आणि तिच्यावर तारीख घाला. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन सुटतो. प्लेट आणि टिपा वेगळ्या ऑटोक्लेव्ह करून मगच संस्थेच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या ठरलेल्या रंगाच्या पिशवीत द्या.